जे आधी होईल ते

दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी आलेल्या गाडीचा झेंडूचा हार दिवाळीपर्यंत वाळून खडखडीत होतो, पण तो काढायचा कुणी हे घरात ठरत नाही. सीटवरचं प्लास्टिक काढायचा तर विषयच निघत नाही. फाटेल तेव्हा ते आपणहून जाईल. या दिवसांत पार्किंगमध्ये भेटणारा प्रत्येक जण आधी अ‍ॅव्हरेज विचारतो, मग 'ऑन रोड केवढ्याला पडली' ते विचारतो, आणि आपण आकडा सांगितला की त्याच्या मेहुण्याला तीच गाडी आठ हजारांनी स्वस्त कशी मिळाली ते सांगतो. एवढे सोपस्कार झाले की इकडेतिकडे बघून, आवाज जरा खाली आणून खरा प्रश्न येतो, "पहिलं ऑइल कधी काढणार?"

या प्रश्नावर आमच्या सोसायटीत उघड उघड दोन पक्ष आहेत. एक लवकर काढणाऱ्यांचा. कंपनीने भरून दिलेलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आत, हिंमत असेल तर तीनशेलाच काढून टाकावं, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, कंपनीला काय, तिला गाड्या विकायच्यात. दुसरा पक्ष पुस्तकवाल्यांचा. पुस्तकातल्या आकड्याच्या एक किलोमीटर अलीकडे नको आणि पलीकडेही नको. बाहेरच्या मिस्त्रीचा पाना गाडीला नुसता लागला तरी वॉरंटी विटाळते, अशी त्यांची श्रद्धा आहे. पाणी, लिफ्ट, कुत्री आणि गणपतीची वर्गणी या चारही बाबतींत एकमत असलेली माणसं ऑइलवरून एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

लवकरवाल्यांचे पुढारी म्हणजे तळमजल्यावरचे काका. त्यांच्याकडे जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक गोल लोहचुंबक आहे. कुणाच्याही गाडीचं ऑइल निघत असलं की काका ते घेऊन हजर होतात, काळ्या ऑइलात बुडवतात, उन्हात धरतात आणि त्याला चिकटलेली मिशीसारखी बारीक लव सगळ्यांना दाखवतात. "हे बघ. हे तुझ्या इंजिनात फिरत होतं." बघणाऱ्याचा चेहरा पडतो. पुस्तकवाल्यांचे पुढारी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा. तो एकदा म्हणाला, "काका, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो चुंबकाला चिकटतच नाही." काका क्षणभरच थांबले. "म्हणजे दिसतंय त्याहून जास्त आहे की रे!"

काकांचा हा हट्ट समजून घ्यायचा तर त्यांच्या गाड्यांचा इतिहास पाहायला हवा. चेतक १९७२ साली बाजारात आली आणि पुढची कितीतरी वर्षं ती 'बाजारात' कुणाला दिसली नाही. नंबर लावायचा आणि थांबायचं. काकांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न ठरायचं होतं आणि स्कूटर हातात आली तेव्हा थोरला शाळेत जात होता. इतक्या नवसाने आलेली वस्तू पहिले काही महिने चाळीसच्या वर पळवणं म्हणजे पापच. आता खरं सांगायचं तर त्या स्कूटरच्या इंजिनात काढण्याजोगं ऑइलच नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिन ते; ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून टाकायचं आणि ते पेट्रोलबरोबर जळून निळा धूर होऊन मागच्या माणसाच्या नाकात जायचं. जुनं व्हायला ते मागे उरतच नसे. हे मी एकदा धीर करून काकांना म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "गियर ऑइल होतं ना. ते काढायचो."

खरी दीक्षा त्यांना मिळाली ती नंतर, जुन्या घेतलेल्या प्रीमियर पद्मिनीकडून. त्या गाडीचं इंजिन दर काही वर्षांनी बांधायला येई. रिंगा बदलायच्या, बोअर करायचं, रस्त्याकडेच्या गॅरेजात धुळीत सगळं उघडून पुन्हा जुळवायचं. असं हाताने बांधलेलं इंजिन चालू केलं की पहिल्या ऑइलात धातूचा चुरा, गास्केटचा लगदा आणि एखाद वेळी मिस्त्रीच्या विडीची राखही निघायची. ते ऑइल लवकर काढण्यात शहाणपण होतं, त्यात शंकाच नाही. फक्त ते शहाणपण इंजिनाबरोबर मोडीत निघालं नाही. काका कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाडीकडेही 'नुकतीच बांधून आली आहे' अशाच नजरेनं बघतात.

त्यांचं शास्त्र खोटं नाही, एवढं मान्य करायला हवं. सिलिंडरची आतली भिंत आपल्याला वाटते तशी आरशासारखी गुळगुळीत ठेवलेली नसते. तिच्यावर मुद्दाम एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात, म्हणजे त्यांत ऑइल धरून राहील. पिस्टनच्या रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये या रेघांचे शेंडे घासून काढतात आणि भिंतीशी जमवून घेतात. घासलेलं कुठं तरी जायला हवं, ते ऑइलात जातं. म्हणून नव्या गाडीचं पहिलं ऑइल उन्हात धरलं की चमकतं. फरक एवढाच, की आज कारखान्यातली यंत्रं ही घासाघीस बरीचशी आधीच उरकतात आणि राहिलेली कणी मोटारीतला कागदी फिल्टर अडवतो. म्हणून कितीतरी पेट्रोल मोटारींत पहिलं ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा वर्षभर तसंच चालतं. हजार किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसला मोटार नेली तर तिथे गाडी धुतात, हवा बघतात आणि ऑइलला हातही न लावता परत देतात. काकांना हे कळलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुचाकीचं प्रकरण मात्र वेगळं, आणि तिथे कंपनीच काकांच्या पक्षात आहे. साध्या स्कूटरच्या इंजिनात ऑइल लिटरभरसुद्धा नसतं. मोटारसायकलमध्ये तर तेच ऑइल इंजिनाला, गियरला आणि क्लचलाही पुरवायचं असतं. एका माणसाच्या पगारात तीन घरं चालवण्यासारखंच ते. शिवाय कित्येक लहान गाड्यांत कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी असते. म्हणून बहुतेक दुचाकींच्या पुस्तकात पहिली सर्व्हिस पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान लिहिलेली असते आणि तेव्हा ऑइल बदलतात. काकांना पाचशे आणि पुस्तकात साडेसातशे, म्हणजे भांडण सगळं मिळून अडीचशे किलोमीटरचं आहे. सीमाप्रश्न याहून कमी अंतरावरून पेटलेले आहेत.

पण पुस्तकवाल्यांची खरी फजिती आकड्यात होत नाही, आकड्यानंतरच्या चार शब्दांत होते. '७५० किलोमीटर किंवा ३० दिवस, यापैकी जे आधी होईल ते.' मराठी माणसाला 'जे आधी होईल ते' हे कलम मानवतच नाही. आपल्याकडे सगळ्या गोष्टी जे नंतर होईल त्या हिशेबाने चालतात. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या मॅडमची स्कूटर घर ते बँक आणि बँक ते मंडई एवढीच फिरते. महिना झाला तेव्हा काटा सव्वाशेवर होता. "अजून सहाशे राहिलेत," असं म्हणून त्या निर्धास्त. साडेसातशे भरले तेव्हा मधे दिवाळी, नाताळ आणि संक्रांत होऊन गेली होती, आणि मॅडम अभ्यास पुरा करून परीक्षेला आलेल्या मुलीच्या उत्साहाने शोरूममध्ये गेल्या. काउंटरवरच्या मुलाने पुस्तक उघडलं, तारीख बघितली आणि हळहळून म्हणाला, "मॅडम, ही सर्व्हिस लॅप्स झाली."

उलट पहिल्या मजल्यावरचे औषधकंपनीचे प्रतिनिधी. त्यांनी नवी मोटारसायकल आठवड्यात नाशिकला नेऊन आणली, काटा साडेसातशेच्या पुढे गेला. पण महिना कुठे झालाय? ते तीस दिवस मोजत बसले आणि तोवर अडीच हजार किलोमीटर झाले. तिसरी जात आणखी भारी. तिसाव्या दिवशी संध्याकाळी यांच्या लक्षात येतं, की किलोमीटर कमी पडताहेत. मग ते गाडी काढून सातारा रस्त्याने खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत जातात, चहा पितात आणि परत येतात, का तर कोटा भरायला हवा. दिवस भरले आहेत, किलोमीटर भरायची गरजच नाही, हे त्यांना सांगून पटत नाही. दोन्ही रकाने भरलेले बरे दिसतात.

गंमत अशी, की या दिवसांच्या कलमामागे चोख कारण आहे आणि ते मॅडमच्याच स्कूटरला जास्त लागू पडतं. इंजिन नीट तापायच्या आत बंद झालं, की आत धरलेली वाफ पाणी होऊन ऑइलात उतरते, न जळलेलं थोडं पेट्रोलही त्यात जातं. लांब पल्ल्याला इंजिन तापतं आणि हे सगळं उडून जातं. बँकेपर्यंतच्या फेरीत ते उडायला वेळच मिळत नाही. म्हणजे नाशिकला जाऊन आलेल्या गाडीपेक्षा मंडईला जाऊन आलेल्या गाडीचं ऑइल किलोमीटरच्या मानाने लवकर नासतं. 'कमी वापरली आहे हो, लेडीज हँड आहे' अशी जाहिरात वाचून गाडी घेणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे ऐकावं.

पहिल्या सर्व्हिसचा सोहळा शोरूममध्ये बघावा. ती 'फ्री' असते, म्हणजे मजुरी फ्री असते. ऑइलचे पैसे, वॉशरचे पैसे, आणि 'कन्झ्युमेबल्स' नावाच्या एका धूसर प्रदेशाचे पैसे. सहाशे किलोमीटर चाललेल्या गाडीला इंजिन फ्लश करून घ्या, टेफ्लॉन कोटिंग करून घ्या, गंज येऊ नये म्हणून खालून लेप लावून घ्या, असं पांढऱ्या शर्टातला अ‍ॅडव्हायझर इतक्या काळजीने सांगतो, की नाही म्हणताना आपल्याला आपण निर्दय वाटू लागतो. नाही म्हटलंच तर तो जॉब कार्डवर तसं लिहून आपली सही घेतो. उद्या गाडीला काही झालं तर जबाबदार कोण, हे त्या सहीने कायमचं ठरतं.

मग वेटिंग रूमची काच. आत एसी, वर्तमानपत्र आणि मशीनचा कॉफी नावाचा पदार्थ असतो, पण मालक काचेला नाक लावून उभा असतो. ऑइल खरंच बदलतात का? सगळं बदलतात की थोडं वर टाकतात? आपण आणलेला डबा फोडतात की पिंपातलं ओततात? आयटीतल्या मुलाने तर घरून निघताना ऑइलच्या नटावर बायकोच्या नेलपेंटचा ठिपका दिला होता. गाडी परत आली तेव्हा ठिपका गेलेला होता, म्हणजे नट उघडला होता. एवढ्यावर तो खूश. काकांनी त्याला विचारलं, "आणि नट उघडून परत तेवढाच लावला असेल तर?" तेव्हापासून त्याची झोप उडाली आहे.

सर्व्हिस बुक म्हणजे बाळाच्या लसीकरणाचं कार्ड, असं आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि ते बरोबर आहे. लस टोचली हे पुरेसं नसतं, कार्डावर खूण व्हावी लागते. इंजिनाला ऑइल लागतं, वॉरंटीला शिक्का लागतो. काका दर तीनशे किलोमीटरला ऑइल बदलून इंजिन तुपासारखं ठेवतील, पण पुस्तकातली सर्व्हिस चुकवली तर उद्या दावा करताना त्यांच्याकडे दाखवायला चुंबकाखेरीज काही नसेल. आणि पुस्तकाबाहेर एखादं ऑइल जास्तीचं काढलं म्हणून वॉरंटी आपोआप मरत नाही. ती मरते नेमून दिलेली सर्व्हिस चुकवल्याने, किंवा त्या जास्तीच्या सेवेत मिस्त्रीने काही बिघडवून ठेवल्याने.

बिघडवायला फार लागत नाही. इंजिनाची खालची पेटी अ‍ॅल्युमिनियमची आणि मिस्त्रीचा पाना लोखंडी. "साहेब, आता गळणारच नाही," असं म्हणून तो शेवटचा जो एक फिरका देतो, त्यात नटाचे आटे जातात. ते वॉरंटीत बसत नाही, आणि बसूही नये. मोटारसायकलचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो, म्हणून तिच्या डब्यावर 'जासो एमए' असं लिहिलेलं लागतं. मोटारीचं महागाचं गुळगुळीत ऑइल प्रेमाने तिला घातलं की क्लच घसरायला लागतो. शिवाय 'थोडं जास्तच टाका' हा आपला स्वभाव. आमटीला तो शोभतो. इंजिनात ऑइल खुणेच्या वर गेलं की आतला दांडा ते घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

आता पुस्तकवाल्यांच्या श्रद्धेकडे. बाहेरचा पाना लागला की वॉरंटी गेली, हे इतकी वर्षं काउंटरवरून इतक्या ठामपणे सांगितलं गेलं, की लोकांना तो निसर्गनियम वाटतो. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की मोटार कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड सुनावला. दंडावरून पुढे अपिलं झाली, पण त्या आदेशात एक वाक्य आपल्या कामाचं होतं : गाडी बाहेरच्या गॅरेजात दुरुस्त केली म्हणून वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नये. यातला 'सरसकट' महत्त्वाचा. बाहेरच्याने आटे घालवले तर त्याचं बिल कंपनीने भरावं, असं आयोग म्हणालेला नाही. डाव्या दाराची काच खाली होत नाही आणि बाहेर ऑइल बदललं म्हणून काचेची वॉरंटी नाकारली, तर मात्र बोलायला जागा आहे. कुणी ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे आणि २०१९ च्या कायद्याखालचा जिल्हा आयोगही आहे.

हे मी सोसायटीच्या मीटिंगनंतर सांगितलं, तेव्हा न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेले आमचे दाजी मोठ्याने हसले. "आमच्याकडे हे १९७५ पासून आहे! मॅग्नुसन-मॉस कायदा. कुठेही ऑइल बदला, पावती ठेवा, झालं." दाजींचं 'आमच्याकडे' आता तिकडचं झालं आहे, ते असो. पण 'पावती ठेवा' हा शब्द ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे पावती मागणं म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेणं. फारच आग्रह केला तर तो कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे 'ऑइल केले' एवढं लिहून देतो, खाली सही आणि सहीवर ऑइलचा अंगठा. तारीख हवी असेल तर पान उलटून बघायचं. वास्तविक त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि तारीख एवढं आलं, तर एका कागदावर दोन्ही पक्षांचं भांडण मिटेल. पण भांडण मिटवायची घाई कुणालाच नाही.

यंदा पाडव्याला काकांनी स्वतः नवी स्कूटर घेतली. तीनशे किलोमीटरला ऑइल काढायचं हे घोषितच होतं, फक्त आयटीतल्या मुलाने आधीच सगळ्यांसमोर विचारून ठेवलं होतं, की वॉरंटीचं काय. काकांनी मधला मार्ग काढला. तीनशेला बाहेर, पावती घेऊन. आणि साडेसातशेला शोरूममध्ये, शिक्का घेऊन. म्हणजे दोनदा पैसे, पण दोन्ही देव राजी. रविवारी सकाळी मिस्त्री आला, नट उघडला, चुंबक बुडालं, उन्हात धरलं गेलं. लव निघाली. काका विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत म्हणाले, "विष आहे हे, विष!"

मग त्यांनी मिस्त्रीच्या हातातला तो डबा काढून घेतला, वर घट्ट झाकण लावलं आणि घराकडे निघाले. मुलाने विचारलं, "काका, हे कुठे नेताय?"

"अरे, तीनशे किलोमीटरच चाललंय. नवंकोरं आहे. टाकायचं कशाला?"

ते ऑइल कऱ्हाडजवळ त्यांच्या गावी गेलं आणि धाकट्या भावाच्या विहिरीवरच्या जुन्या किर्लोस्कर इंजिनात पडलं. त्या इंजिनाचं पुस्तक आजवर कुणी पाहिलेलं नाही आणि त्याला काय पाजावं याबद्दल त्याने कधी तक्रार केलेली नाही. परवा भावाचा फोन आला. ऊस हिरवागार आहे, इंजिन झकास चाललंय, आणि दादा, पुढची नवी गाडी कधी घेताय?